घरून काम करताय? तरीही पाळणाघर लावा. कर्वेनगरच्या आमच्या पाळणाघराचा दीड वर्षाचा अनुभव

आधीच सांगते, पाळणाघराचं नाव लिहीत नाहीये, कारण काकूंनीच नको म्हटलंय. त्यांच्याकडे अकरा मुलं असतात, बारावं घेत नाहीत, आत्ताच चार-पाच जणी जागेसाठी थांबल्यात आणि अजून फोन वाढले तर पोरांच्या झोपायच्या वेळेत रिंग वाजत राहील असं त्यांचं म्हणणं. पुण्यात कर्वेनगर, कॅनॉल रोडपासून थोडं आत, जुना बंगला, खाली पाळणाघर आणि वर काकू-काका राहतात, एवढं पुरे. त्या भागातल्या आयांना बरोब्बर कळेल. बाकीच्यांसाठी लिहितेय ते यासाठी की गेल्या महिन्यात ओळखीतल्या तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "अगं तू घरूनच काम करतेस ना, मग पाळणाघर कशाला?" तिघींनाही मी फोनवर तासभर उत्तर दिलं, म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढू.

माझी लेक आता तीन वर्षांची होईल. मी आयटीत, कंपनी हिंजवडीला, आठवड्यातून एकदा जावं लागतं, बाकी चार दिवस घरून. नवरा चाकणला एका कारखान्यात, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाई साताऱ्याहून येऊन सहा-सात महिने राहिल्या, त्यांनी खूप केलं, पण नंतर सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि त्यांना जावंच लागलं. मग ब्युरोमार्फत एक मावशी ठेवल्या सांभाळायला, त्या आतल्या खोलीत लेकीला घेऊन बसायच्या आणि मी बाहेर हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन. दोन महिने हा प्रकार चालला. मावशी चांगल्या होत्या, दोष त्यांचा नव्हताच. माझा आवाज आला की लेक दाराशी यायची, दार वाजवायची, मग रडायची, मग मी कॉल म्यूट करून दोन मिनिटांसाठी आत जायचे आणि परत बाहेर येताना ती आधीपेक्षा जास्त रडायची. एकदा कॅमेरा चालू असताना ती मागून आली आणि माझ्या पाठीला चिकटून उभी राहिली, समोर क्लायंट, मी बोलत राहिले आणि एका हातानं तिला बाजूला केलं. ढकललं नाही, पण बाजूला केलं. तो हात मला अजून आठवतो.

तेव्हा कळलं की आई दिसतेय पण मिळत नाहीये हे दीड वर्षाच्या मुलाला समजावता येत नाही. आई ऑफिसला गेलीये हे समजतं. आई दाराच्या पलीकडे बसून दुसऱ्यांशी बोलतेय आणि मला घेत नाहीये, हे नाही समजत आणि समजू नये पण.

कुणी म्हणेल, कंपनीचं पाळणाघर आहे की. २०१७ च्या मातृत्व कायद्यातल्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची केली, आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाऊन यायची मुभा दिली, पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची रजाही त्याच दुरुस्तीत आली. त्याच दुरुस्तीत असंही आलं की रजा संपल्यावर कामाचं स्वरूप बघून दोघांच्या संमतीनं घरून काम करता येईल. आता माझ्यासारखीनं काय करायचं, घरून काम घेतलं तर पाळणाघर हिंजवडीत आणि मी कर्वेनगरात, मुलीला सोडायला जायचं म्हटलं तर जाऊन-येऊन अडीच तास ट्रॅफिकमध्ये. म्हणजे सोय कागदावर दोन्हीकडे आहे आणि हातात एकच घेता येते. हे एचआरला मी लेखी कळवलंय, बघू.

मग घराजवळचं शोधायला लागलो. पहिलं लावलं ते बरंच मोठं होतं, एसी, भिंतीवर चित्रं, मोबाईलवर कॅमेरा दिसायचा, फी बारा हजार. तीन महिन्यांत मुलांना सांभाळणाऱ्या ताई चार वेळा बदलल्या. आणि तो कॅमेरा! मी काम करता करता एका कोपऱ्यात तो उघडून ठेवायचे, लेक कुठं बसलीये, का रडतेय, तिला कुणी उचललं का. म्हणजे पैसे भरूनही माझं अर्धं डोकं तिकडेच, आणि दुपारी बघावं तर सगळी पोरं टीव्हीसमोर ओळीत. काढून घेतली तिला.

काकूंचा पत्ता आमच्या भाजीवाल्या ताईंनी दिला. जून २०२४ मध्ये मी पहिल्यांदा गेले, पाऊस होता, ओट्यावर पंधरा-वीस छोट्या चपला आणि दोरीवर दुपटी. आत काही खास सजावट नाही. शहाबादी फरशी, त्यावर सतरंज्या, लाकडी ठोकळे, भातुकली, कोपऱ्यात पुस्तकांची टोपली, मागच्या अंगणात वाळूचा छोटा हौद आणि पेरूचं झाड. काकू साठीच्या, पूर्वी बालवाडीत शिकवायच्या, मदतीला दोन मावशी आहेत आणि त्या दोघी सात-आठ वर्षं तिथंच आहेत. मी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं, किती वर्षं आहेत, कारण आधीच्या ठिकाणी पोळले होते.

काकूंनी मला उलटे प्रश्न विचारले. झोपताना काय लागतं, कशाला घाबरते, पोट कधी साफ होतं, आजी कुठल्या, घरी कुठली भाषा, आणि तुम्ही नोकरी कुठं करता. मी म्हटलं घरूनच. तर म्हणाल्या, "मग तुझंच जरा अवघड जाणार बघ, तिचं नाही." मला तेव्हा ते लागलंच थोडं.

त्यांच्याकडे मूल रुळवायची ठरलेली पद्धत आहे आणि त्यात त्या कुणाचंही ऐकत नाहीत. पहिले दोन दिवस एक तास, आईनं तिथंच सतरंजीवर बसायचं. तिसऱ्या दिवशी आईनं पंधरा मिनिटं बाहेर जाऊन यायचं. मग हळूहळू जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, पूर्ण दिवस नवव्या-दहाव्या दिवसापासून. आणि जाताना टाटा करूनच जायचं, मूल खेळतंय बघून मागच्या मागे सटकायचं नाही. "रडू दे, पण तिला माहीत पाहिजे तू गेलीस ते, नाहीतर ती दिवसभर तुला शोधत बसेल." हे आधीच्या ठिकाणी बरोब्बर उलटं होतं, तिथं सांगायचे पटकन जा, बघत नाहीये तोवर. मी त्यासाठी आठ दिवस अर्धी-अर्धी रजा टाकली. ज्या आया म्हणतात की आमच्याकडे आठ दिवस नाहीत त्यांना माझं मनापासून सांगणं आहे की काहीही करा पण हे आठ दिवस काढा.

आता चुकले ते सांगते. पाळणाघर आमच्या घरापासून चालत सहा मिनिटांवर. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मीटिंग रद्द झाली, मला एकदम वाटलं जाऊन बघून येऊ, फाटकापाशी उभी राहून बघेन फक्त. लेकीनं मला पाहिलं. मी आत गेले, कडेवर घेतलं, दहा मिनिटांनी परत द्यायची वेळ आली तेव्हा तिनं माझा कुर्ता मुठीत धरला तो सुटेना. संध्याकाळी न्यायला गेले तर मावशी म्हणाल्या दुपारी झोपलीच नाही, जेवलीही नाही. काकू रागावल्या नाहीत पण स्पष्ट बोलल्या, "तू घरी आहेस हे तुला माहितीये, तिला माहीत नको. तू ऑफिसला गेलीयेस असं तूच धरून चाल. हिंजवडीला असतीस तर आली असतीस का?" मी काहीच बोलले नाही, घरी येऊन खूप रडले. पण बरोबर होतं त्यांचं.

तेव्हापासून मी सकाळी तिला सोडून सरळ घरी येत नाही. कॅनॉल रोडनं एक फेरी मारते, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मग घराचं कुलूप उघडते ते ऑफिसचं कुलूप उघडल्यासारखं. साडेनऊला बसायचं. संध्याकाळी लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवायचा, चार्जरसकट, आणि मग तिला आणायला जायचं. लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवून आणायला गेले की परत आल्यावर नजर तिकडे जातेच, मेसेज दिसतो, "एक मिनिट हं बाळा" होतं, आणि ते एक मिनिट कधीच एक नसतं. आता पावणेसात ते साडेआठ मी पूर्ण तिची असते. आधी दिवसभर एकाच घरात असून तिला माझे जे दोन तास मिळत नव्हते ते आता मिळतात. कुणाला पटो न पटो, मला या पाळणाघरानं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे आणि ती फीच्या पावतीवर कुठं लिहिलेली नसते.

बरं, व्यवहाराचं. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पावणेसात. फी पूर्ण दिवसाला महिना ७,०००, अर्ध्या दिवसाला ४,५००, एक महिन्याचं डिपॉझिट. एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत. लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स, न्यायला येणाऱ्या माणसांचे फोटो, आणि फोटोत नसलेल्या माणसाकडे मूल देत नाहीत, एकदा माझा सख्खा दीर गेला होता तर त्यालाही ओट्यावर बसवून ठेवलं आणि मला फोन केला. मला आवडलं ते. दुपटी, कपड्यांचे दोन जोड, डायपर आपले.

जेवण तिथंच शिजतं आणि हे खरंच फार चांगलं आहे. दहाला नाश्ता म्हणजे उपमा, घावन, नाचणीची पेज, कधी शिरा. सव्वाबाराला वरण-भात-तूप, भाजी, मऊ पोळीचे तुकडे. झोपून उठल्यावर फळ किंवा लाडू. मिक्सरमधून काढून भरवत नाहीत, हातानं खाऊ देतात, सांडू देतात. माझी लेक घरी दुधीला तोंड लावायची नाही, तिथं दहा जणांच्या पंगतीत बसून खाते. आणि काकू पोरांना कामाला लावतात, म्हणजे मटार सोलायला, कोथिंबीर निवडायला, वाट्या मांडायला. आता घरी मी रात्रीचा स्वयंपाक करताना ती खाली बसून शेंगा सोलते, दाणे अर्धे पोटात जातात पण आमच्या गप्पा होतात. "आज काय झालं" विचारलं की तिथल्या सगळ्यांची नावं घेऊन कोण पडलं कोण रडलं सगळं सांगते.

काकूंचा निर्णय किती नेमका असतो त्याचं एक उदाहरण. २५ जुलै २०२४, आठवत असेल, रात्रभर पाऊस आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीपलीकडे सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, शाळा बंद. सकाळी साडेसातला काकूंचा फोन, एक मावशी नदीपलीकडून येतात त्या येऊ शकणार नाहीत, तर ज्यांना अगदीच अडचण आहे त्यांनीच पाठवा, बाकीच्यांनी आज घरी ठेवा, सगळी आली तर मला नीट लक्ष देता येणार नाही. पूर्ण बंदही नाही आणि रेटून चालूही नाही. मी ठेवली घरी, ऑफिसातली निम्मी टीमही त्या दिवशी अशीच अडचणीत होती. एका डॉक्टर आईचा मुलगा आणि अजून दोघं गेले. असं सरळ सांगणारं माणूस असलं की बाकी दिवशी डोक्याला ताप राहत नाही. मी या ठिकाणी कॅमेरा नाही याची तक्रार दीड वर्षात एकदाही केली नाही.

आता न आवडलेलं पण लिहिते.

एक म्हणजे संध्याकाळी साडेपाचनंतर मुलं कमी होतात, मावशी आवराआवर करतात आणि तेव्हा अर्धा तास टीव्ही लागतो. मी दोनदा बोलले. पाऊस नसेल तर आता अंगणात नेतात, पावसाळ्यात मात्र लागतोच. दुसरं, दिवसाचं काही लिहून देत नाहीत. काय खाल्लं तर "जेवली नीट", किती झोपली तर "झोपली छान". मला नीट म्हणजे किती ते हवं असतं, विशेषतः पोट बिघडलेलं असताना. तिसरं, दिवाळीत सहा दिवस आणि मे महिन्यात आठ दिवस बंद, फी पूर्ण. मावशींना त्या सुट्टीचा पगार मिळतो हे कळल्यावर मी तो विषय सोडला, पण सुट्टीच्या तारखा निदान दोन महिने आधी कळाव्यात.

आजारपणाचा नियम कडक आहे. ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय घेत नाहीत, औषध फक्त चिठ्ठी दिली असेल तरच. मागच्या पावसाळ्यात हँड-फूट-माउथची साथ आली, लेकीच्या तळहाताला आणि तोंडात फोड, सात दिवस घरी. नियम बरोबरच आहे, दुसऱ्यांची मुलं आहेत, पण त्या सात दिवसांत आमच्या घरात खरी परीक्षा झाली. पहिल्या दिवशी नवरा सहज म्हणून गेला, "तू घरीच आहेस ना." मी त्याला बसवलं आणि माझं कॅलेंडर दाखवलं, नऊ ते सहा सगळे डबे भरलेले. त्यानं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि सातपैकी चार दिवसांची रजा त्यानं टाकली. पुढं ते वाक्य आमच्या घरात परत आलं नाही. त्याच्याबद्दल मला मनापासून चांगलं वाटतं, त्यालाही कुणी हे आधी दाखवलं नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी अडचण नोव्हेंबरची. अमेरिकेत क्लायंट असणाऱ्या सगळ्यांना हे माहितीये. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे त्यांच्या सकाळी साडेआठचा जो कॉल उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सहाला असतो तो थंडीत सातला जातो, मार्चपर्यंत. सहाच्या कॉलला मी पाऊण तासात उरकून आणायला पळते. सातचा असेल तर? मी काकूंना विनवलं, आठपर्यंत ठेवा, जास्तीचे पैसे देते. नाही म्हणाल्या. "दिवे लागले की पोरांना आपलं माणूस लागतं गं, कितीही खेळणी दे." मी त्या दिवशी चिडून आले, म्हटलं यांना काय कळतंय नोकरी म्हणजे काय.

पण मग मी ते केलं जे आधी कधीच केलं नव्हतं, टीम लीडला सांगितलं की पावणेसात ते साडेआठ मी नसेन. कारणासकट सांगितलं, नेटवर्क किंवा डॉक्टर असलं काहीतरी पुढं न करता. नवऱ्याची पहिली शिफ्ट असते त्या आठवड्यात तो सव्वापाचला घरी येतो, तो तिला आणतो आणि मी कॉल घेते, बाकी आठवड्यात टीममधला एकजण घेतो आणि त्या बदल्यात मी त्याचं सकाळचं सपोर्टचं काम घेते. दोन हिवाळे झाले, चाललंय. अप्रेझलमध्ये "अव्हेलेबिलिटी" हा शब्द आलाच, मला वाईट वाटलं, मी त्यावर माझं म्हणणं लेखी दिलंय. दिवसभराचं काम दिसत नाही आणि संध्याकाळचा एक तास दिसतो, हे बदलायला पाहिजे आणि ते आपण बोललो तरच बदलेल.

नातेवाईकांचं म्हणाल तर माझी सख्खी मावशी लग्नात सगळ्यांसमोर म्हणाली, "घरी बसून मूल बाहेर ठेवते." मला काहीच सुचलं नाही तेव्हा. सासूबाईंनी उत्तर दिलं. त्या दिवाळीच्या आधी आल्या होत्या, मीच त्यांना म्हटलं आई, एकदा बघून या, आणि त्या दोन तास तिथं सतरंजीवर बसल्या, मटार सोलले, काकूंना म्हणाल्या, "अहो ताई, शिऱ्यात थोडं जायफळ घालत जा, पोरं शांत झोपतात," दोघींचं चांगलं जमलं. तर लग्नात त्या मावशीला म्हणाल्या, "बाहेर नाही ठेवत, आजीकडे ठेवते. ही आजी इथली आहे आणि मी साताऱ्याची, एवढाच फरक." मला वाटतं त्या दिवशी माझ्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं.

ज्यांना आत्ता शोधायचंय त्यांना एवढंच, कॅमेरा आणि एसी नंतर विचारा, सांभाळणाऱ्या बायका किती वर्षं टिकल्यात ते आधी विचारा, दुपारी बाराच्या सुमारास न सांगता जाऊन जेवणाची वेळ बघा, आणि घरापासून फार जवळ असेल तर मधेच डोकावायचा मोह आवरता येईल का ते स्वतःला विचारा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा पावसाळ्यातल्या टीव्हीसाठी कापला.

पुढच्या जूनपासून लेक नर्सरीत जाईल. शाळेची व्हॅन साडेबाराला काकूंच्या फाटकाशी सोडेल, तेव्हा गरम वरण-भात तयार असतो. अर्ध्या दिवसाच्या फीत संध्याकाळपर्यंत ठेवतील का ते विचारायचंय, जागा मात्र मी आत्ताच सांगून ठेवलीये.